वेस्ट वायकोम: हेलफायर क्लबच्या गुहा आणि वरची टेकडी

अठराव्या शतकातील इंग्रज उमरावांच्या गुप्त मंडळांविषयी कुतूहल असणाऱ्यांनी लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर फार वेळ घालवू नये, असे माझे मत आहे. व्हाइट्स, बूडल्स, ब्रुक्स हे तिन्ही क्लब आजही तेथे नांदत आहेत, परंतु सभासदाच्या निमंत्रणाशिवाय आत प्रवेश नसल्यामुळे आपल्या वाट्याला बंद दारे तेवढी येतात. त्यापेक्षा मॅरिलेबोन स्थानकावरून हाय वायकोमची गाडी धरावी. तेथे सुमारे पाऊण तासात पोहोचता येते आणि पुढे वेस्ट वायकोम गाव चारएक किलोमीटरवर आहे. आमची बस डोळ्यांदेखत निघून गेल्याने आम्ही ते अंतर पायीच कापले, आणि ते बरेच झाले. का, ते पुढे येईलच.

हेलफायर क्लब या नावाने गाजलेल्या अशाच एका मंडळाचे संस्थापक सर फ्रान्सिस डॅशवूड यांनी १७४८ ते १७५२ या काळात येथील टेकडी पोखरून गुहा तयार करविल्या. नापिकीमुळे गावकऱ्यांच्या हाताला काम उरले नव्हते. त्यांना दिवसाला एक शिलिंग मजुरी देऊन खडूचा दगड काढायला लावले आणि त्याच दगडाने हाय वायकोमचा रस्ता बांधला. आपल्याकडे ज्याला दुष्काळी काम म्हणतात, त्याचाच हा प्रकार.

भुयार सुमारे चारशे मीटर आत जाते. कार्ले-भाजे पाहिलेल्या माणसाला भिंती विलक्षण मऊ वाटतात. कुदळीचे घाव इतके स्पष्ट आहेत की त्यांत बोट फिरवावेसे वाटते. मेजवानीचे दालन ओलांडल्यावर ‘स्टिक्स’ (ग्रीक पुराणातील पाताळाची नदी) नावाचा छोटा ओढा लागतो आणि त्यापलीकडे शेवटची खोली येते. ती टेकडीवरच्या चर्चच्या सुमारे तीनशे फूट खाली आहे. वाटेत मंडळाच्या सभासदांचे पुतळे मांडले आहेत. त्यांत बेंजामिन फ्रँकलिनही दिसतात. ते डॅशवूड यांचे स्नेही होते आणि १७७३ मध्ये त्यांच्याकडे पाहुणे म्हणून राहिले होते, पण तोवर मंडळ मोडून गेले होते. उन्हाळ्यातही आत गारठा असतो, तेव्हा स्वेटर न्यावा. जमीन ओली आणि खडबडीत असल्याने चपला नकोत. माझ्या पत्नीचा पाय दोनदा घसरला.

सैतानपूजेच्या कथा येथे भरपूर ऐकायला मिळतात, परंतु त्या बेतानेच घ्याव्यात. ‘हेलफायर’ हे नाव मुळात वॉर्टनच्या ड्यूकने आधी काढलेल्या क्लबचे होते. डॅशवूड यांची मंडळी आपल्या जमण्याच्या मठावरून स्वतःला मेडमेनहॅमचे मठवासी म्हणवीत. मंडळाचे कारभारी कवी पॉल व्हाइटहेड यांनी मृत्यूपूर्वी कागदपत्रे जाळली असे सांगतात, त्यामुळे कल्पनेला मोकळे रान मिळाले. खरी कुलंगडी राजकारणात चव्हाट्यावर आली: १७६३ मध्ये सँडविचच्या अर्लने मंडळातल्या आपल्याच जुन्या सोबत्याची, जॉन विल्क्सची, अश्लील कविता उमरावांच्या सभागृहात मोठ्याने वाचून दाखविली! डॅशवूड स्वतः १७६२-६३ मध्ये अर्थमंत्री होते.

गुहा पाहून बहुतेक लोक परत फिरतात, ही चूक करू नये. चढ दमछाक करणारा असला तरी वरचे षट्कोनी, बिनछपराचे, गारगोटीच्या दगडांचे समाधिस्थळ पाहावेच. व्हाइटहेड यांचे हृदय त्यांच्या इच्छेनुसार येथे कलशात ठेवले होते; पुढे ते चोरीला गेले. समाधिस्थळाजवळून खाली पाहिले, तेव्हा हाय वायकोमकडे सरळ रेघेसारखा जाणारा रस्ता दिसला. सकाळी आम्ही तुडविला तो हाच, गुहेतील दगडाचा.

डॅशवूड यांचे घर फक्त उन्हाळ्यात खुले असते, म्हणून तारखा आधी पाहून घ्याव्यात. मंडळ प्रत्यक्ष जमत असे तो थेम्सकाठचा मेडमेनहॅमचा मठ खासगी मालमत्ता आहे. तो हर्ली गावाहून नदीच्या समोरच्या काठाने चालत जाऊनच पाहावा लागतो. पाऊस पडून गेला असेल, तर त्या पायवाटेवर घोट्यापर्यंत चिखल असतो.