पूलचा हीटर आणि रिसेटचं लाल बटण

मागच्या डिसेंबरमधली गोष्ट आहे. महाबळेश्वरच्या एका हॉटेलातून दुपारी फोन आला, काका पूलचा हीटर लागतच नाहीये, पाणी गार पडलंय, उद्या सकाळी लग्नाचे पाहुणे यायचेत. मी साताऱ्यात एक काम आटपत होतो, म्हटलं येतो, तोवर कुणी हात लावू नका. मेढ्यावरून घाट चढून पोचेपर्यंत साडेचार झाले.

तिथला हीटर म्हणजे डिझेलवर चालणारा बॉयलर, आणि गाडीतून उतरलो की आधी चिमणीकडे बघायचं ही माझी सवयच आहे. पांढरा धूर निघत होता. काळा असता तर हवा कमी पडतेय किंवा डिझेल फवारणारं नोझल गेलंय असं धरलं असतं, पण पांढरा आणि डोळ्याला झोंबणारा धूर म्हणजे डिझेल न जळता नुसती वाफ होऊन बाहेर पडतंय. पळतच खाली प्लान्ट रूममध्ये गेलो तर ऑपरेटर मुलगा, असेल बावीस-तेवीसचा, बंद पडलेला बर्नर पुन्हा सुरू करायच्या रिसेटच्या बटणावर अंगठा ठेवून उभा. दारातूनच ओरडलो, हात काढ आधी! किती वेळा दाबलंस? म्हणाला, "काका, पंधरा-वीस वेळा झालं असंल, साहेब म्हणले दाबत राहा, कधीतरी लागतो."

दोन दिवस तसंच चाललं होतं, कधी लागायचा कधी नाही, सकाळी तासभर चालून बंद पडला होता त्यामुळे भट्टी आतून अजून गरमच होती. आता बघा, बर्नर, म्हणजे भट्टीत डिझेल पेटवणारं यंत्र, आधी नुसता पंखा फिरवतो, मग स्पार्क देतो, मग सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) उघडून डिझेल फवारतो, आणि ज्योत ओळखणाऱ्या फोटोसेलला ती दिसली नाही तर काही सेकंदांत लॉकआऊट, म्हणजे बर्नर स्वतःच बंद पडतो. त्या बर्नरला ३ गॅलनचं नोझल, साडेदहा बार दाबाला तासाला जवळपास १४ लिटर डिझेल जातं, म्हणजे दहा सेकंदात ४० मिली. वीस वेळा रिसेट म्हणजे पाऊण लिटर डिझेल गरम भट्टीत. थोडं वाफ होऊन चिमणीतून जातं, बाकीचं तळाला साचतं, आणि एकविसाव्या वेळी खरंच "लागला" तर ते सगळं एकदम पेटतं. बिजागरीतून निखळून पडलेला बॉयलरचा दरवाजा मी एके ठिकाणी बघितलाय, समोर कुणी उभं नव्हतं म्हणून निभावलं. म्हणून लॉकआऊट झाला की एकदा रिसेट करा, फार तर दोनदा, त्यानंतर हात मागे आणि मेन स्विच बंद, मग मॅनेजर कितीही घाई करू दे.

बर्नरची लाईट बंद केली, डिझेलचा व्हॉल्व्ह बंद केला आणि गार व्हायला दोन तास दिले. मॅनेजर दर दहा मिनिटांनी येऊन घड्याळ दाखवत होते. दरवाजा उघडला तर तळाच्या विटांवर डिझेल चकाकत होतं, कॉटन वेस्टने टिपून टिपून काढलं, अर्धी बादली चिंध्या निघाल्या. मग सोलेनॉइडची वायर काढून नुसता पंखा बराच वेळ चालू ठेवला, वास पूर्ण जाईपर्यंत.

आता फॉल्ट. फोटोसेल त्यांनी आधीच नवीन टाकला होता, नोझलही नवीन, प्रेशरचा काटा स्थिर. इलेक्ट्रोडची, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या दोन टोकांमधली, गॅप मोजली, तीन-चार मिलिमीटर, बरोबर. स्पार्कचा चटचट आवाजही येत होता. मग रूमचा लाईट बंद करायला लावला आणि अंधारात बघितलं, तर निळी ठिणगी टोकांवर नाहीच, मागे, इलेक्ट्रोड धरणाऱ्या क्लॅम्पपाशी! इलेक्ट्रोडच्या पोर्सिलीनवर, म्हणजे चिनी मातीच्या आवरणावर, केसाएवढी बारीक काळी रेघ होती, मला काजळी वाटली, अंगठ्याने पुसली, नखाने घासली, जाईना. तडा होता. कुणीतरी क्लॅम्पचा स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळला होता, आणि करंट तड्यातून थेट बॉडीला पळत होता, कधी टोकावर कधी मागे, म्हणून तो कधी लागायचा कधी नाही.

बॅगेत नव्या इलेक्ट्रोडची एक जोडी होती, ती बसवली. हवेचा डॅम्परही (झडप) थोडा जास्त उघडला, साडेचार हजार फुटांवर हवा पातळ असते, खालचं सेटिंग इथे चालत नाही, हे बरेच जण विसरतात. साडेनऊला बर्नर पहिल्या झटक्यात लागला.

पूल एक लाख लिटरचा, पाणी २१ डिग्री. बॉयलर तासाला एक लाख किलोकॅलरीचा, म्हणजे कसाबसा तासाला एक डिग्री, त्यातलीही थोडी वाफेने निसटून जाणार. पूलचं कव्हर कुठाय विचारलं तर स्टोअरमध्ये घडी घालून ठेवलेलं! मी, तो मुलगा आणि वॉचमन, तिघांनी कडाक्याच्या थंडीत ते अंथरलं आणि मी तिथेच खुर्ची टाकून बसलो.

सकाळी साडेसहाला साडेसत्तावीस डिग्री. निघताना त्या पोराने तो जुना इलेक्ट्रोड मागून घेतला, रात्रीच्या ड्युटीवाल्याला ती रेघ दाखवायचीय म्हणाला.