सेन्सर झाकणाशी, अंडी तळाशी

कोंबड्या अंडी देत होत्या, पण एकही खुडूक बसेना. म्हणून थर्माकोलच्या खोक्यात उबवणी यंत्र करायला घेतलं. २५ वॅटचे दोन तारेचे बल्ब (एक उडालाच तर दुसऱ्यावर निभावतं), थर्मोस्टॅट, आर्द्रतामापक, पाण्याची थाळी, झाकणात काच आणि बाजूंना हवेची भोकं. जोडणी एका दुपारी उरकली.

पहिल्या खेपेला १२ अंडी ठेवली. थर्मोस्टॅटवर कायम ३७.५ अंश दिसायचं, मी निर्धास्त. २१ वा दिवस गेला, २२ वा गेला. २३ व्या दिवशी तीन पिल्लं निघाली, तीही अशक्त. उरलेली अंडी फोडली तेव्हा काहींत पूर्ण वाढलेली, पिसं आलेली पिल्लं मेलेली होती. फार वाईट वाटलं.

पिल्लं उशिरा निघाली म्हणजे ऊब कमी पडली, एवढं कळत होतं. मग पाण्याचा ग्लास अंड्यांच्या जागी ठेवला, काही तासांनी त्यात तापाचा थर्मामीटर बुडवला. ३६ अंश! सेन्सर मी झाकणाजवळ टांगला होता. गरम हवा वर चढते, त्यामुळे तो वरचं तापमान सांगत होता आणि अंडी तळाशी गारठत होती. सेन्सर अंड्यांच्या उंचीवर आणला, हवा फिरवायला जुन्या कॉम्प्युटरचा छोटा पंखा बसवला आणि यंत्र अख्खा दिवस रिकामंच चालवून पाहिलं. चारही कोपऱ्यांत ३७.५ मिळाल्यावरच अंड्यांना हात लावला.

या वेळी आठवड्याच्या आतलीच अंडी घेतली, न धुता. धुतलं की कवचावरचा नैसर्गिक लेप जातो आणि जंतूंना वाट मिळते. पेन्सिलीने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढला. दिवसातून पाच वेळा उलटायचो. आकडा विषम ठेवला, म्हणजे रात्रभर रोज तीच बाजू वर राहत नाही. उलटलं नाही तर गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटतो.

सातव्या रात्री दिवे मालवून अंड्याच्या रुंद टोकाला मोबाईलचा टॉर्च लावला. लालसर उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा पसरलेल्या, आणि मधला काळा ठिपका चक्क हलत होता. मी किती वेळ तसाच धरून बसलो कोण जाणे. अंडं गार होईल म्हणून शेवटी ठेवावं लागलं. दोन अंडी आरपार स्वच्छ दिसली, ती काढून टाकली. उरली दहा.

आर्द्रतेचं गणितही इथेच उमगलं. पाणी किती खोल आहे याला महत्त्व नाही, ते किती पसरलेलं आहे याला आहे. पहिले १८ दिवस आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राखली. मग उलटणं थांबवलं, ओले स्पंज ठेवून ती ७० च्या जवळ नेली आणि झाकण बंद. आता उघडायचं नाही: ओलसर हवा निघून गेली तर पापुद्रा वाळून पिल्लाला आवळतो. शेवटच्या तीन दिवसांतला हा संयमच सगळ्यात अवघड.

विसाव्या दिवशी बंद अंड्यातून चिवचिव ऐकू आली. दुसऱ्या दिवशी पहाटे एका कवचाला चोचीएवढा टवका गेलेला. मग तासन्‌तास काहीच नाही. मदत करायला हात शिवशिवत होते, पण पिल्लू त्या वेळात उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं, कवच सोललं तर रक्त येऊ शकतं. दुपारी त्याने गोल फिरत कवच कापलं आणि पायाने टोपी ढकलली. ओलं, थकलेलं, मान टाकून पडलं.

दुसऱ्या सकाळपर्यंत नऊ झाली. पोटातल्या बलकावर त्यांचे पहिले दोन दिवस निघतात, म्हणून अंग पूर्ण वाळेपर्यंत आतच ठेवली. दहाव्या अंड्यातून काही आवाज नव्हता. तरी ते आणखी दोन दिवस उबेत राहू दिलं.