बंड्याचे आजारपण

आफ्रिकन ग्रे जातीच्या पोपटाचा आवाज घोगरा झाला, तर ‘पावसाची हवा आहे, सर्दी झाली असेल’ असे म्हणून वाट पाहत बसू नये, हे मी सगळ्यात आधी लिहिते, कारण आमच्या बंड्याच्या आजाराची पहिली खूण तीच होती. कुकरची शिट्टी, दारावरची बेल आणि सासूबाईंची ‘अगं, दूध उतू गेलं!’ ही हाक तो इतकी हुबेहूब काढतो, की घरातले माणूस हातातले काम टाकून स्वयंपाकघराकडे धावते. यंदाच्या आषाढात ती शिट्टी अर्ध्यावर चिरकू लागली आणि हाकेतले ‘दूध’ ऐकूच येईनासे झाले. पक्ष्याचा आवाज आपल्यासारखा गळ्याच्या वरच्या टोकाशी तयार होत नाही; श्वासनलिकेचे जिथे दोन फाटे होतात, तिथे खोल छातीत त्याचे स्वरयंत्र असते. बुरशीने नेमकी तीच अरुंद जागा धरली, की बाकी पक्षी धडधाकट दिसत असतानाही आवाज बसतो.

धडधाकट दिसणे हीच यातली मोठी अडचण आहे. रानात आजारी दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून दुखणे लपवण्याची सवय या जातीच्या रक्तातच आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात राहूनही ती जात नाही. बंड्या रोज वाटीपाशी येत होता, भुईमुगाची शेंग पायात धरून फोडत होता, टरफले खाली टाकत होता. संध्याकाळी वाटी रिकामी करताना मात्र टरफलांच्या खाली दाणे जसेच्या तसे सापडले. काहींवर चोचीची पुसट खूण होती, इतकेच. तो खात नव्हता, खाल्ल्यासारखे करत होता. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर उभे केले, तेव्हा एरवी ४३० ग्रॅमच्या आसपास असणारे वजन ३८१ ग्रॅम भरले. एवढ्याशा जिवाचे वजन दहा टक्क्यांहून अधिक घटणे गंभीर असते. पिसांच्या आत बोट घातल्यावर छातीचे हाड सुरीच्या पाठीसारखे हाताला लागले, आणि पिसांचा थर डोळ्यांची किती फसवणूक करतो हे तेव्हा समजले.

आम्ही चिपळूणला राहतो. इथे गुराढोरांचे आणि कुत्र्या-मांजरांचे चांगले डॉक्टर आहेत, पण पोपटाचे रक्त काढण्याचा सराव असलेले डॉक्टर गाठायचे तर पुणे किंवा मुंबई. भर पावसात कुंभार्ली घाट चढून जाताना गारठा वाढतो, आणि आजारी पक्ष्याला सर्वात आधी घात होतो तो गारठ्याचा. त्याचे अंग मुळातच सुमारे ४१ अंश सेल्सिअस इतके गरम असते, आणि खाणे तुटले की ती ऊब टिकवायला लागणारे इंधनच संपते. म्हणून लहान प्रवासी पिंजऱ्याच्या एकाच बाजूला कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवली, म्हणजे ऊब जास्त झाली तर त्याला दुसरीकडे सरकता यावे. वर सुती पंचा टाकला आणि गाडीची हवा थोडी खेळती ठेवली.

पुण्यातल्या डॉक्टरांनी आधी त्याला हातही लावला नाही. पिंजऱ्यापासून लांब उभे राहून त्यांनी बराच वेळ त्याचा श्वास पाहिला. प्रत्येक श्वासाबरोबर शेपूट खालीवर हलत होती, म्हणजे साध्या श्वासालाही त्याला जोर लावावा लागत होता. अशा पक्ष्याला घाईने धरले तर तो हातातच जाऊ शकतो, म्हणून पहिल्यांदा प्राणवायू आणि नंतर तपासणी, असा क्रम त्यांनी ठेवला. एक्स-रेमध्ये हवेच्या पिशव्यांत, म्हणजे पक्ष्याच्या फुप्फुसांना जोडलेल्या पातळ पिशव्यांत, सावल्या दिसल्या आणि रक्तात पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या निघाल्या. पोपटांपासून माणसाला होणारा सिटॅकोसिस हा जिवाणूंचा आजार नाही ना, याची चाचणीही केली. घरात वयस्कर माणूस असल्याने ती आम्हाला हवीच होती. अखेर दुर्बिणीने पाहून निदान झाले ते अ‍ॅस्परजिलोसिसचे, म्हणजे अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीने श्वसनमार्गात घर केल्याचे. हा आजार पक्ष्याकडून माणसाला किंवा दुसऱ्या पक्ष्याला लागत नाही. बुरशीचे बीजाणू सगळीकडेच असतात. कोकणातल्या पावसाळ्यात दमट धान्यावर, शेंगांच्या टरफलांवर आणि ओल्या भुश्श्यावर ते अधिक माजतात, आणि ज्या पक्ष्याची ताकद कमी झालेली असते त्याच्यात रुजतात. आमच्याकडे येण्याआधी बंड्या अनेक वर्षे जवळजवळ फक्त सूर्यफुलाच्या बियांवर वाढला होता. त्या बियांत चरबी भरपूर असते, पण ‘अ’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम फार कमी, आणि ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडले की श्वसनमार्गाचे अस्तर दुबळे होते.

औषधांचे प्रमाण मी इथे मुद्दाम लिहीत नाही, ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी वजन पाहून ठरवायचे असते. एक गोष्ट मात्र आफ्रिकन ग्रे पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवी: बुरशीवरचे इट्राकोनाझोल हे सहज मिळणारे औषध या जातीला सोसत नाही, पक्षी अन्न टाकतो आणि मलूल होतो. बंड्याला व्होरिकोनाझोल सुरू झाले, आणि त्याचा यकृतावर ताण येऊ शकतो म्हणून अधूनमधून रक्ततपासणी. हवेच्या पिशव्यांना रक्तपुरवठा अगदी तोकडा असल्यामुळे पोटातून दिलेले औषध तिथवर कष्टानेच पोहोचते. म्हणून जोडीला वाफारा. दम्याच्या मुलांना लावतात तेच नेब्युलायझर यंत्र, फक्त मुखवट्याऐवजी झाकणाला भोके पाडलेला प्लास्टिकचा मोठा डबा, आणि त्यात बंड्या. वाफाऱ्यातले बुरशीवरचे औषध अ‍ॅम्फोटेरिसिन निर्जंतुक पाण्यातच मिसळावे लागते, कारण सलाइनमध्ये त्याचा साका होतो. प्रत्येक वाफाऱ्यानंतर यंत्राची नळी आणि वाटी धुऊन खडखडीत वाळवायची. ती ओली राहिली, तर ज्या बुरशीशी झगडायचे तीच आपण तिथे वाढवू.

घरातले सर्वात अवघड काम सिरिंजने भरवण्याचे होते. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटलाचा पडदा नसतो. छातीचे हाड पुढेमागे हलले तरच हवा आतबाहेर होते, म्हणून छातीभोवती हाताची पकड जराही आवळली तर त्याचा श्वास कोंडतो. पंचाचा वेढा खांद्यांवर सैल ठेवायचा, मान दोन्ही बाजूंनी अलगद सावरायची आणि छाती मोकळी सोडायची. अन्ननलिका मानेच्या उजव्या बाजूने उतरते, त्यामुळे सिरिंज त्याच्या चोचीच्या डाव्या कडेने घालून टोक उजवीकडे वळवायचे. पेज साधारण ३९ ते ४० अंश गरम हवी, आणि ती थर्मामीटरने मोजायची, बोटाच्या अंदाजाने नव्हे. फार गरम झाली तर गळ्याखालची अन्नाची पिशवी भाजते, आणि गार झाली तर अन्न तिथेच साचून आंबते. आधीच्या वेळचे अन्न पिशवीतून खाली उतरले आहे का, हे हलके चाचपून पाहिल्याशिवाय पुढचे द्यायचे नाही. पहिले काही दिवस मी भरवत असताना सासूबाई शेजारी उभ्या राहून त्याच्याशी बोलत असत, आणि त्यांच्या आवाजाने तो खरोखर शांत होत असे.

पिंजऱ्याच्या तळाला वर्तमानपत्राऐवजी कोरा कागद घातला, कारण विष्ठेत सगळी बातमी असते. निरोगी विष्ठेचे तीन भाग वेगळे दिसतात: हिरवा-तपकिरी मळ, पांढरा युरेट (लघवीचाच घट्ट भाग) आणि पाण्यासारखे मूत्र. मळ अगदी थोडा आणि गडद हिरवा असेल तर पोटात अन्न नाही. पांढरा भाग पिवळा-हिरवा होऊ लागला तर यकृताची काळजी करायची. रोज सकाळी पहिली विष्ठा झाल्यावर, खाण्याआधी, वजन, मग कागद, मग श्वास. पिंजऱ्याजवळचे तापमान दिव्याने २९ अंशांच्या जवळ राखले होते, पण पावसाळ्यात आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून यजमानांनी तो दिवा इन्व्हर्टरवर घेतला आणि उशाशी गरम पाण्याच्या पिशव्या तयार ठेवल्या.

मग गणपती आले. कोकणातल्या घरात गणपतीत धूप, कापूर आणि उदबत्ती नाही ही कल्पनाच करवत नाही, आणि बंड्यासाठी यातला प्रत्येक धूर घातक होता. मी हा विषय कसा काढावा याचा विचार करत असताना सासूबाईंनी स्वतःच सांगितले, की यंदा आरतीला फक्त तुपाचे निरांजन लावायचे. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्यांनी कारण समजावून सांगितले, आणि डासांची कॉइलही त्या दिवसांत घरात लागली नाही. भिड्यावर घावने झाली, नॉनस्टिक तवा बाहेर निघाला नाही, कारण तो अति तापला की निघणारी वाफ निरोगी पक्ष्यालासुद्धा काही मिनिटांत मारू शकते. देवासमोर त्यांनी बंड्यासाठी गाऱ्हाणे घातले, ते ऐकून मला भरून आले.

या सगळ्यात एका ओळखीच्या घरातला प्रसंग मला अस्वस्थ करून गेला. त्यांच्याकडे आपल्या रानातला हिरवा पोपट आहे, तो आजारी आहे, आणि तो पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा असल्यामुळे ते डॉक्टरकडे न्यायला धजत नाहीत. देशी पोपट पाळूच नये, हे माझे ठाम मत आहे. पण जो आज आजारी आहे, त्याच्या श्वासाला आपल्या भीतीसाठी थांबायला सांगता येत नाही, आणि वनविभागाशी बोलून त्याला उपचारापर्यंत पोहोचवणे हाच मार्ग आहे, असे मी त्यांना सांगितले.

गेल्या आठवड्यातल्या एक्स-रेमध्ये हवेच्या पिशवीतली सावली लहान झाली आहे आणि वजन ४१७ ग्रॅमवर आले आहे. तो आता स्वतः खातो: उकडलेले रताळे, लाल भोपळा, किसलेले गाजर, शेवग्याचा कोवळा पाला, आणि पेलेट्स (पक्ष्यांसाठी तयार मिळणारे दाणेदार खाद्य) थोडे रागानेच. शेंगा कायमच्या बंद झाल्या. आवाज पूर्ण परत येईलच अशी ग्वाही डॉक्टर देत नाहीत, आणि औषध दिवाळीनंतरही चालेल. पुढचा पाऊस येण्याआधी त्याच्यासाठी पूर्वेकडची, सकाळचे ऊन येणारी खोली रिकामी करण्याचे काम यजमानांनी हाती घेतले आहे.