क्रूझ बुक झाली, आता शो आणि जेवणाचं बघा

क्रूझवर सगळ्यात आधी काय संपतं, तर जे फुकट असतं ते. वेगळे पैसे भरून जेवायची जी रेस्टॉरंटं असतात, स्टेकहाऊस, सुशी, इटालियन वगैरे, तिथे जहाज सुटल्यावरही कुठल्या ना कुठल्या वेळेला टेबल मिळून जातं, पण तिकिटातच धरलेले मोठे शो असतात ना, बर्फावरचा, पाण्यातला, थिएटरमधला, त्यांच्या चांगल्या वेळा लोकांनी घरी सोफ्यावर बसून कधीच उचललेल्या असतात. पैसे लागत नाहीत म्हटल्यावर कोण विचार करतंय, दिसलं की टिक, झालं! जेवणाच्या बुकिंगला मात्र कार्डाचा नंबर टाकावा लागतो मग तिथे सगळे दोनदा थांबतात. म्हणून ओळखीतलं कोणी क्रूझ बुक करून "आता पुढे काय" असं विचारतं तेव्हा मी एकच सांगते, आधी शो लावा, जेवण त्याच्याभोवती बसवा. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, सगळ्यात आधी रेस्टॉरंटांचे फोटो बघत बसतात.

हे सगळ्या जहाजांना लागू नाही हे आधीच सांगते. डिस्नीच्या जहाजांवर रात्रीच्या मोठ्या शोला बुकिंगच लागत नाही, कार्निव्हलवरही बऱ्याच ठिकाणी नुसतं जाऊन बसायचं. मी बोलतेय ते रॉयल कॅरिबियन कंपनीच्या मोठ्या जहाजांबद्दल, म्हणजे ओअ‍ॅसिस क्लास, क्वांटम क्लास आणि आता ते आयकॉन (एकाच घडणीच्या जहाजांच्या गटाला क्लास म्हणतात). ओअ‍ॅसिस क्लासचं पहिलं जहाज 2009 मध्ये आलं आणि या जहाजांवर एका खोलीत दोघं धरली तरी साडेपाच हजारांच्या आसपास प्रवासी असतात, पोरंबाळं धरून त्याहून जास्त. मुख्य थिएटरमध्ये मावतात साधारण चौदाशे. बर्फाचं स्टेडियम आणि मागच्या बाजूचं उघडं अ‍ॅक्वा थिएटर याहून बरंच लहान. म्हणजे एकच शो आठवड्यात बऱ्याचदा लावतात म्हणून सगळ्यांना बघायला मिळतो, पण सगळ्यांना रात्री आठचाच हवा असतो आणि घोळ तिथेच होतो.

आम्ही राहतो एडिसनला, न्यू जर्सीत, आणि इथून बेयॉनचं केप लिबर्टी बंदर गाडीने जवळ पडतं. उन्हाळ्यात सांगलीहून सासू-सासरे, म्हणजे आमचे आई-बाबा, येतात, त्यांना विमानाचा अजून एक प्रवास नको असतो, त्यामुळे घरून गाडी काढायची आणि थेट जहाजात बसायचं हे फार सोयीचं. इथून जहाज खाली फ्लोरिडा-बहामाजकडे जातं, जाताना आणि येताना पूर्ण दिवस समुद्रातच जातात, आणि अशा दिवसांची संध्याकाळ म्हणजे गर्दीचा कळस, कारण कोणी कुठे उतरलेलंच नसतं, सगळे अंघोळी करून, नटून साडेसहालाच हिंडायला लागतात.

बुकिंग उघडतं कधी, तर ठरलेली तारीख नसते. वेबसाइटवर क्रूझ प्लॅनर म्हणून भाग असतो त्यात जेवण, पेयांची पॅकेजं वगैरे फार आधीपासून दिसतात, शो मागाहून येतात, कुठल्या जहाजाचे लवकर कुठल्याचे उशिरा. अधूनमधून डोकावत राहायचं, दुसरा उपाय नाही. डिस्नीवाले याबाबतीत एकदम शिस्तीचे, पैसे पूर्ण भरलेले असले की पहिल्यांदा जाणाऱ्यांना 75 दिवस आधी, आणि जितक्या क्रूझ केल्यात तितकं आधी, प्लॅटिनमवाल्यांना तर 120 दिवस, त्यामुळे तिथलं पालो नावाचं मोठ्यांचं रेस्टॉरंट नवख्यांना मिळणं अवघडच. रॉयलवर ऑनलाइन चेक-इन मात्र 45 दिवस आधी उघडतं आणि ते उघडल्या उघडल्या करायचं, कारण बंदरावर यायची वेळ त्यातच निवडायची असते आणि लवकरची वेळ मिळाली तर दुपारच्या आत जहाजात शिरून जे बुक झालं नव्हतं ते तिथल्या काउंटरवर नाहीतर अ‍ॅपवर निस्तरता येतं. अ‍ॅप जहाजाच्या वायफायवर चालतं, इंटरनेटचं पॅकेज घ्यावं लागत नाही. बऱ्याच जणांना हे ठाऊकच नसतं.

मी काय करते, आधी एका कागदावर सगळ्या रात्री लिहून काढते, कुठला दिवस समुद्रात, कुठला बंदरात, बंदरातून जहाज कधी सुटणार. मग शो टाकते. पाण्यातला शो शक्यतो सुरुवातीच्या रात्रींत, कारण ओअ‍ॅसिस क्लासवर तो उघड्यावर असतो, त्यात उंचावरून उड्या असतात, वारा सुटला किंवा जहाज डोलायला लागलं की रद्द. पहिल्या दिवसांत रद्द झाला तर तो पुढे कुठेतरी ढकलतात आणि आपल्याला मिळायची आशा असते, शेवटच्या रात्रीचा रद्द झाला की संपलं. तिथे पुढच्या रांगांत पाणी उडतं, तशा पाट्याही लावलेल्या असतात, पोरांना तिथेच बसायचं असतं आणि आईंना सिल्कची साडी नेसून यायचं असतं, तेव्हा आपण दोन गटांत बसायचं हे आधीच ठरवून टाकायचं. कॉमेडीचा हॉल सगळ्यात लहान, तो झटकन भरतो, पण अठराच्या खालच्यांना प्रवेश नाही आणि विनोद सगळे अमेरिकन, बाबा म्हणाले "मी तोवर डेकवर फेऱ्या मारतो", मग ती रात्र आमच्या दोघांची.

आता जेवण. मुख्य डायनिंग रूमचं जेवण तिकिटातच असतं, आणि त्यात दोन प्रकार. एक पारंपरिक, रोज ठरलेली वेळ, ठरलेलं टेबल, तेच वेटर, अर्ली साधारण पाच-साडेपाचच्या सुमाराला आणि लेट आठच्या पुढे. दुसरा माय टाइम, म्हणजे तुम्ही रोज वेळ निवडा. कागदावर माय टाइम फार छान वाटतो. बाबांनी अर्लीची वेळ ऐकली आणि म्हणाले, "सव्वापाचला जेवण? मी काय दवाखान्यात अ‍ॅडमिट आहे का?" बरोबरच आहे त्यांचं, सांगलीत त्या वेळेला दुसरा चहा असतो. तरी मी अर्लीच घ्यायला लावलं आणि आजही शाकाहारी ज्येष्ठांबरोबर जाणाऱ्या कोणालाही तेच सांगेन. रोज तेच वेटर असले की पहिल्याच रात्री हेड वेटरला सांगून ठेवता येतं की आम्ही शाकाहारी, अंडं नको, भारतीय काही असेल तर बरं, मग तो दुसऱ्या दिवसापासून भाजी, डाळ, भात, पोळी नाहीतर नान असं काहीतरी आतून करवून आणतो. मेन्यूवर जे असतं त्यापेक्षा वेगळं, आणि तिखटही विचारून. माय टाइममध्ये रोज नव्या टेबलावर नव्याने सगळं समजावत बसा. आमचा हेड वेटर म्हापशाकडचा निघाला, या जहाजांवर गोव्याची माणसं भरपूर, आणि आईंनी त्याच्याशी मराठीत सुरुवात केली तो कोकणीत उत्तरं देत होता, तरी दोघांचं व्यवस्थित चालू होतं. पाच दिवसांत त्याच्या घरी कोण कोण आहे ते आम्हाला पाठ.

आणि अर्लीचा दुसरा फायदा म्हणजे संध्याकाळ मोकळी मिळते. सातपर्यंत जेवण आटपतं, मग आठचा शो असो की दहाचा, पळापळ नाही. लेट घेणाऱ्यांना शो जेवणाच्या आधीचा बघावा लागतो आणि बंदराच्या दिवशी उन्हातून आल्यावर ते जमत नाही. भूक नंतर लागली तर प्रोमेनेडवरचा, म्हणजे जहाजातल्या बाजारपेठेसारख्या रस्त्यावरचा, कॅफे चोवीस तास उघडा असतो आणि पिझ्झा मध्यरात्रीनंतरही मिळतो, त्यामुळे सव्वापाचला जेवलेला माणूस उपाशी झोपत नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याही क्रूझच्या व्हिडिओत सांगत नाहीत. बुकिंगच्या आधी कालनिर्णय उघडा! आमच्या आठवड्यात संकष्टी आली होती. उन्हाळ्यात संकष्टीचा चंद्र दहाच्या पुढेमागे उगवतो, कालनिर्णयमधल्या चंद्रोदयाच्या वेळा आपल्याकडच्या गावांच्या, त्या अटलांटिकमध्ये काय कामाच्या, म्हणून मी फोनवर आधीच त्या दिवशीच्या जागेची अंदाजे वेळ काढून ठेवली. त्या रात्री आईंना ना अर्लीचं जेवण उपयोगाचं ना लेटचं. पण उलट बघा, जेवणाची वेळच नाही म्हटल्यावर शोसाठी याहून चांगली रात्र कुठली? बर्फावरचा शो त्याच रात्रीला लावला, तिथून वर डेकवर. जहाज दक्षिणेकडे चाललेलं असलं की डावीकडे पूर्व, त्यामुळे कठड्याला कुठे उभं राहायचं हेसुद्धा आधीच ठरलेलं. जरा ढग होते, वाट बघायला लागली, मग दर्शन झालं आणि साधा चीज पिझ्झा आणून आईंनी संकष्टी सोडली. "गणपतीला चालतं सगळं," असं म्हणाल्या आणि दुसरा तुकडा घेतला. घरून करून नेलेलं खाणं नेऊ देत नाहीत बरं का, बंद पाकिटातलं चालतं, तेव्हा मोदकांचा विचार सोडा.

पैसे भरून खायच्या रेस्टॉरंटांबद्दल माझं मत जरा कडक आहे. घरात सगळे शाकाहारी असतील तर स्टेकहाऊसला पैसे घालू नका, बटाटा आणि मशरूम खाऊन उठाल. आमच्यात नवरा आणि मुलगा खाणारे, त्यांच्यासाठी मी समुद्रातल्या दिवशीचं दुपारचं जेवण घेते, रात्रीपेक्षा स्वस्त पडतं आणि संध्याकाळ शोला मोकळी राहते. दाखवलेल्या किमतीवर 18 टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे टिप, वेगळी लागते ती धरूनच हिशेब करायचा. प्लॅनरमधल्या किमती खालीवर होत राहतात, ब्लॅक फ्रायडेला बऱ्याचदा उतरतात, आणि जहाज सुटायच्या आधी रद्द करून कमी किमतीत परत घेता येतं, म्हणून एकदा बुक केलं की विसरायचं नाही, बघत राहायचं. अनलिमिटेड डायनिंगचं पॅकेज घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा की पैसे आधी भरलेले असले तरी पुढच्या रात्रींच्या वेळा बहुतेक जहाजावर चढल्यावरच ठरवाव्या लागतात, तेव्हा चढल्याबरोबर बुफेकडे धावू नका, आधी ते काम.

आणि फॉर्मल नाइट, म्हणजे नटूनथटून जेवायला जायच्या रात्री, कुठल्या ते बघितल्याशिवाय बाहेरचं रेस्टॉरंट घेऊ नका. सात रात्रींच्या क्रूझला साधारण दोन असतात, दुसऱ्या फॉर्मल नाइटला मुख्य डायनिंग रूममध्ये बहुतेक वेळा लॉबस्टर असतो तोही तिकिटातच, आणि नेमक्या त्याच रात्री लोक पैसे भरून दुसरीकडे जाऊन बसतात. शिवाय पैठणी आणलेली असते ती दाखवायची कुठे? त्या दिवशी जिन्यांवर फोटोवाले असतात, आईंचा आणि बाबांचा फोटो आम्ही तिथेच काढला, बाबा कोटात आणि पायात सँडल.

दोन-तीन कुटुंबं मिळून जात असाल तर खोल्यांची बुकिंगं आपसात लिंक करून घ्या, एजंटला सांगा किंवा फोन करा. नाहीतर एका घराला अर्ली मिळतं, दुसऱ्याला लेट, आणि शोची तिकिटं काढताना दुसऱ्या खोलीतली माणसं यादीत दिसतच नाहीत. मग एक घर आठला आणि एक घर दहाला.

जे मिळालं नाही त्याचं फार मनाला लावून घ्यायचं नाही. प्रत्येक शोला एक वेगळी रांग असते, बुकिंग नसलेल्यांची, आणि सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी रिकाम्या जागा त्यांना देऊन टाकतात. फुकटात टिक केलेले लोक येतच नाहीत ना, कोणी झोपलेलं असतं, कोणी बारमध्ये, कोणी लिफ्टची वाट बघत उभं. अर्धा तास आधी जाऊन उभं राहिलात तर बहुतेक वेळा आत जाता. ज्यांचं बुकिंग आहे त्यांनीही म्हणूनच शेवटच्या मिनिटाला पोचायचं नाही, जागा गेली की गेली. आणि जायचं नसेल तर अ‍ॅपवर रद्द करा हो, बाहेर कोणाची तरी आजी रांगेत उभी असते.

शेवटच्या रात्री मी काही लावत नाही. त्या दिवशी बॅगा भरून रात्री खोलीबाहेर ठेवायच्या असतात, जहाजावरचे लोक घेऊन जातात आणि सकाळी त्या खाली बंदरावरच मिळतात, आणि दहाचा शो घेतलात तर अकराला धावत येऊन बॅगा कोंबाव्या लागतात. सकाळचे कपडे, औषधं आणि पासपोर्ट तेवढे हातातल्या पिशवीत राहू द्या. बाबांनी घातलेल्या कपड्यांशिवाय बाकी सगळं भरून टाकलं होतं आणि घातलेले कपडे म्हणजे लेंगा.