टाळूवर स्टेथोस्कोप

बाळ आमच्याकडे इंदूरला आलं ते 'हार्टचं बाळ' म्हणून. देवासहून, ऑक्सिजनवर. पूर्ण दिवसांचं, वजन चांगलं, पण दुसऱ्याच दिवशी धाप लागलेली, यकृत सुजलेलं आणि एक्स-रेत हृदय छातीभर पसरलेलं.

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली. पडदे, झडपा, कप्पे सगळं शाबूत. उजवी बाजू मात्र फुगलेली, आणि डोक्याकडून रक्त आणणारी महाशीर भलतीच रुंद. तिथे शंकेची पाल चुकचुकली. मानेतल्या नाड्या बोटाखाली उसळत होत्या, मांडीतल्या जेमतेम लागत होत्या.

बाहेर आजी बसल्या होत्या, रामबागेतल्या. "डॉक्टरबाई, टाळू फार उडते हो याची. मी तेलसुद्धा भरलं नाही, हात लावायची भीतीच वाटली."

आत जाऊन टाळूवर स्टेथोस्कोप ठेवला. प्रत्येक ठोक्याला सूं-सूं असा वाहता आवाज. सिस्टरच्या कानाला लावून दिला, तर ती काही न बोलता सोनोग्राफीचं मशीन ओढत घेऊन आली. टाळूतूनच प्रोब लावला. मेंदूच्या मधोमध, मागच्या अंगाला एक काळी गोल पोकळी दिसली. रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणारा कलर डॉपलर लावताच ती लाल-निळ्या रंगांनी घुसळून निघाली. वेन ऑफ गॅलेन मालफॉर्मेशन, म्हणजे मेंदूतल्या शिरेचा जन्मजात दोष.

गर्भाच्या मेंदूत सुरुवातीला मधोमध एक तात्पुरती शीर असते. साधारण 11व्या आठवड्यापर्यंत ती विरून जायला हवी. ती राहिली, तर धमन्या थेट तिच्यात उघडतात, मधे केशवाहिन्यांचं जाळंच नसतं. धमनीच्या जोराने शीर फुगते आणि ते सगळं रक्त हृदयावर येऊन आदळतं. पोटात असेपर्यंत वार बराच भार पेलते. नाळ कापली की हृदय एकटं पडतं.

"आजच ऑपरेशन करून टाका," वडील हात जोडून म्हणाले. त्यांना थांबायला सांगणं हेच सगळ्यात अवघड होतं. मांडीच्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन, ग्लू सोडून हे जोड बंद करतात, पण इतक्या लहान जिवाला त्यात धोका मोठा. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयातले डॉक्टर लासजॉनियास यांनी त्यासाठी 21 गुणांचं मोजमाप बसवून दिलंय. हृदय, मेंदू, फुप्फुसं, यकृत, मूत्रपिंडं सगळं त्यात येतं; गुण जितके जास्त, तितकी प्रकृती बरी. 8 ते 12 गुण असतील तर ताबडतोब करायचं, 12च्या वर असतील तर औषधांवर सांभाळून पाच-सहा महिन्यांचं होऊ द्यायचं. आमचं बाळ 12च्या वर होतं, एमआरआयतही मेंदूला इजा नव्हती.

लॅसिक्स आणि मिल्रिनोन या औषधांवर धाप हळूहळू उतरली. घरी पाठवताना डोक्याचा घेर मोजायला टेप दिली, कारण यात डोक्यात पाणी साचू शकतं. वडील दर रविवारी आकडा पाठवत राहिले.

पाचव्या महिन्यात मुंबईला पहिलं एम्बोलायझेशन, म्हणजे ग्लूने जोड बंद करणं, झालं. काही जोड अजून उघडे आहेत. दुसरं लवकरच करायचं आहे.