सातारा-पुणे आणि दाजींचा स्पीड

सातारा-पुणे किती वेळात मारलं हा आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत पण चालणारा विषय आहे, आणि आमचे दाजी त्यात कायम पुढं. पोचल्यावर चहाला अर्धा तास घालवतात ते वेगळं.

भाची आठवीत आहे, तिला सध्या व्यस्त चलन (एक जितक्या पटीनं वाढतं तितक्याच पटीनं दुसरं कमी होतं ते) चाललंय. म्हटलं पप्पांच्याच गाडीचं टेबल कर की. अंतर १२० किमी धरलं (खरं ११० च्या आसपास आहे, पण आकडे बरे पडतात). ताशी २० नं ६ तास, ४० नं ३, ६० नं २, ८० नं दीड, १०० नं १ तास १२ मिनिटं, १२० नं १ तास. कुठलीही जोडी घ्या, गुणाकार १२० च. एक वाढलं की दुसरं कमी होतं एवढ्यावर पोरं व्यस्त चलन लिहून मोकळी होतात, पण गाडी पळेल तसं टाकीतलं पेट्रोल पण कमी होतंच की, तिथं गुणाकार सारखा येत नाही आणि ग्राफ निघतो सरळ उतरती रेघ.

इथं मात्र तिनं आडव्या अक्षावर वेग, उभ्यावर वेळ घेऊन ठिपके दिले, पट्टी लावली, तर पट्टी काय बसंना. हातानं जोडल्यावर दिसलं, रेघ आधी अजिंक्यताऱ्यावरनं उतरल्यासारखी धाडकन खाली येते आणि मग सपाटच होत जाते. २० चे ४० केले की ३ तास वाचतात, ४० चे ६० केले की १ तास, आणि १०० चे १२० केले, म्हणजे तेवढेच २० वाढवले, तर फक्त १२ मिनिटं! एवढ्यासाठी शेजारी बसलेल्या ताईनं जीव मुठीत धरायचा.

खरा वेळ जातो तो ग्राफच्या डावीकडं. खंबाटकी घाटात जाम लागून १० किमी ताशी १० नं गेलो तर तासच गेला, आणि पुढचे ११० किमी ८० ऐवजी १०० नं हाणले तरी साडेसोळा मिनिटंच वसूल होतात.

भाचीनं रेघ शेवटी खालच्या अक्षाला टेकवून टाकली होती. ती खोडायला लावली, कारण कितीही पळवा, वेळ शून्य होत नाही. उभ्या अक्षाला पण टेकत नाही, तिथं वेग शून्य, मग कसलं पुणं.

दाजींनी वही बघितली आणि विचारलं, "टोलला थांबतो ते धरलंय का?" नव्हतं धरलं. धरलं तर सरासरी अजून खाली येते.