नासलेली प्लेट

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

सकाळी ती जिवाणूंची प्लेट टाकली. बाकीच्या कचऱ्याबरोबर ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे जंतू मारायच्या वाफेच्या कुकरमध्ये, 121 अंश, 15 पौंड दाब, वीस मिनिटं. झाकण आवळताना मावशी म्हणाल्या, "ती लाल झालेली पण? किती छान दिसत होती." मी म्हटलं, नासली होती. तेव्हा काहीच वाटलं नाही. साडेबाराला गंगापूर रोडच्या सिग्नलला उभी असताना एकदम पोटात खड्डा पडला.

बी-7 आठ महिने माझ्यासमोर गप्प आहे. आमच्या बागलाणच्या मळ्यातली, डाळिंबाच्या बुडाशी खणून आणलेली माती, त्यातून निघालेला स्ट्रेप्टोमायसिस, मातीतला एक जिवाणू. पांढरा, खडूसारखा कोरडा, तारेच्या लूपने उचलायला गेलं तर खालच्या आगरच्या जेलीसकट उपटून येणारा. इनक्युबेटर उघडला की पहिल्या पावसाचा वास, कारण तो वास, जिओस्मिन, हीच मंडळी करतात. पण वासापलीकडे काही नाही. रंग नाही, समोरच्या जंतूला मारणं नाही. अहवालात दर महिन्याला 'क्रियाशीलता आढळली नाही' लिहून माझाच हात वळला.

शनिवारी त्या प्लेटमध्ये कुठून तरी एक चिकट पिवळट ठिपका शिरला. सोमवारपर्यंत तो पसरत बी-7 ला जाऊन टेकला. आणि टेकला तिथेच, नखाच्या कोरीएवढी, बी-7 ची कड लाल झालेली. आगरमध्येही लाल उतरलेला. खिडकीसमोर धरलं तर अगदी डाळिंबाचा दाणा. पलीकडची बाजू पांढरीच. हे सगळं मी पाहिलं. फोटोही काढला, एकच, त्यात झाकणावर ट्यूबलाइट पडलीय. आणि आज रजिस्टरमध्ये लिहिलं 'कंटॅमिनेटेड', आणि टाकली. सवयीचा हात.

मला माहीत नव्हतं असं तरी असायचं! सेमिनार मीच दिला होता. स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरचा जीनोम 2002 मध्ये वाचून झाला, 87 लाख अक्षरं, आणि त्यात सेकंडरी मेटाबोलाइट, म्हणजे रंग, अँटिबायोटिक असली जादाची रसायनं, बनवायचे वीसहून जास्त कारखाने. त्यातले बरेचसे प्रयोगशाळेत बंद. जपानी गटाने 2011 मध्ये दाखवलं होतं की शेजारी एक विशिष्ट जिवाणू जिवंत असला, प्रत्यक्ष अंगाला लागला, तरच दुसरी एक जात लाल रंग करते. मेलेला शेजारी चालत नाही. मधे पडदा असला तरी नाही. हे मी पॉइंटर फिरवून सांगितलंय. आणि स्वतःच्या टेबलावर?

बी-7 माझ्याकडे ग्लिसरॉलमध्ये गोठवून हवा तेवढा आहे. पिवळा गेला. त्याचं नाव नाही, गाव नाही.

संध्याकाळी खोलीवर आले तर कुणाशी बोलावं हेच कळेना. खोलीत सोबत ती होती तेव्हा कुलूप उघडायच्या आधी निम्मं सांगून झालेलं असायचं. जाऊ दे. आईचा फोन आला, जेवलीस का, हो. दादाने मधेच घेतला, डाळिंबावर तेल्या रोग दिसतोय, उद्या स्ट्रेप्टो मारतो. ज्या मातीतून मी आठ महिन्यांत काही काढू शकले नाही तिच्यावर दादा पुडीतलं स्ट्रेप्टोमायसिन मारणार. तेही शाट्झ या विद्यार्थ्याने 1943 मध्ये शोधलं आणि 1952 चं नोबेल एकट्या त्याच्या गाइडला, वॅक्समनला. म्हणजे प्लेट सांभाळूनही काय मोठं होणार होतं, असं म्हणून थोडा वेळ रडून घेतलं.

मग भूक लागली. डबा आठवड्यापासून बंद, घरात कुरमुरे. ते खाताना पुन्हा आठवलं, किटीनमधली (किड्यांच्या कवचातल्या पदार्थातली) ती साखर, एन-ॲसिटिलग्लुकोसमीन. अन्न मुबलक असताना ती मिळाली तर स्ट्रेप्टोमायसिस गडी नुसता वाढत बसतो. उपासमारीत मिळाली तर तोच निरोप उलटा लागतो आणि तो अँटिबायोटिक करायला घेतो. बी-7 ला मी पहिल्या दिवसापासून यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि माल्ट घालतेय. लाडावलेलं कार्टं. पण उपासाचं म्हणावं तर मीही आठवडाभर कुरमुऱ्यांवर आहे, थीसिसचं एक पान झालेलं नाही.

आणि ते लाल म्हणजे काही शेजाऱ्याला बघून फुललेला चेहरा नसणार. शिवी असेल. 'इथून पुढे येऊ नकोस' असेल. आम्ही दोघी शेवटी ज्या आवाजात बोललो, तसलं काहीतरी. त्यालासुद्धा समोर कुणीतरी लागतंच. हे मात्र दुपारी सुचलं नव्हतं.

स्ट्रेप्टोमायसिन करणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसमधला ए-फॅक्टर, त्याचा निरोपाचा रेणू, तर इतकासा लागतो की लिटरभर पाण्यात एका ग्रॅमचा दहा लाखावा हिस्सासुद्धा जास्त होईल. तेवढ्याने आतला लगाम सुटतो आणि स्ट्रेप्टोमायसिन सुरू होतं. मला एवढी मोठी लाल कड दिसली आणि मी 'नासली' म्हटलं.

संध्याकाळी प्रयोगशाळेतून निघायच्या आधी एक केलंय, मॅडमना सांगितलेलं नाही. बी-7 च्या सहा ताज्या प्लेटा, निम्म्या अन्नाच्या, मावशींच्या बेसिनजवळ उघड्या ठेवल्या. पंधरा मिनिटं. खिडकी उघडी, पंखा चालू. मावशी काचसामान विसळत होत्या. त्यांनी दोनदा वळून पाहिलं.

"ताई, झाकणं राहिली."

"राहू द्या."

"नासतील की."